गोचिडी वेचणारी हिसानो

आमच्या डोंगरावरच्या गोचिडी हिसानोइतक्या कुणालाच ठाऊक नाहीत. उन्हाळ्यात मोठ्या, शरदात धुळीसारखी पिल्लं. हरणांच्या वाटेवर फार, संत्र्यांच्या उघड्या बांधांवर थोड्या. कुणी विचारलं तर ती सांगते, पण आवाज वर-खाली होत नाही.

अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा मोरिझो त्यांच्या संत्र्यांच्या बागेतलं गवत कापून आला, तेव्हा त्याच्या गुडघ्यामागे गोचीड चिकटलेली होती. हिसानोनं ती नखांनी उपटली. आठवड्यानं ताप चढला, मग हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. नवव्या दिवशी मोरिझो इस्पितळातच वारला. हिसानो रडली नाही. मी शेजारीण, रोज सूप नेऊन द्यायचे. एकदा मीठ घालायचं विसरले. तिनं तसंच पिऊन वाटी धुऊन परत दिली.

आमच्याकडे मृत्यूनंतर एकोणपन्नासाव्या दिवशी करतात ते विधी उरकले आणि गोचिडींच्या तपासणीसाठी आरोग्य खात्याचे ओकितासान आले. काठीला बांधलेलं पांढरं फ्लॅनेलचं कापड गवतावरून ओढत न्यायचं. गोचिडींना जनावर गेल्यासारखं वाटतं, त्या कापडाला चिकटतात. ते भराभर चालत होते. हिसानोनं काठी त्यांच्या हातातून घेतली.

"अशानं एकही यायची नाही. हळू ओढा."

पुढच्या महिन्यात ते निकाल घेऊन आले, तेव्हा मी तिथंच होते. बागेतल्या एकाही गोचिडीत त्या तापाचा विषाणू नव्हता. सापडला तो देवळामागच्या वाटेवरच्या गोचिडींत.

"मी नखांनी ओढली, म्हणून हे गेले का हो?" हिसानोनं विचारलं.

"तसं सांगता येत नाही. ते त्या वाटेवर गेले होते का?"

गेले होते. गवत कापलं त्याच्या आदल्या दिवशी ती वाट साफ करायची पाळी आमच्या घराची होती. माझ्या नवऱ्याची पाठ धरली होती, म्हणून मोरिझो त्याच्या जागी गेला होता. मी मान खाली घातली.

"गेले होते," हिसानो म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुझ्या नवऱ्याची पाठ आता बरी आहे ना?"

मी हो म्हटलं. ती कापड झटकायला उठली.

तेव्हापासून दर महिन्याला ती फ्लॅनेल ओढते आणि मी गोचिडी भरायच्या बाटल्या धरून मागून चालते. तिनं बाग सोडून दिली, कुंपण पडलं, हरणं आत आली. गेल्या वर्षी तिच्या बांधांवरच्या गोचिडींतही विषाणू सापडला. हिसानोनं बाटलीवर तारीख घातली आणि पुढच्या बाटलीसाठी हात मागे केला.