तेरावं पोर

पिंपळनेरला माझं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. तिथे एक अक्का आल्या. कांदा लावायला जाणाऱ्या बायांची पोरं त्या सांभाळत. खोलीत आता जागा उरली नव्हती, म्हणून दुसऱ्या खोलीसाठी सरकारी अनुदान हवं होतं. उभ्या उभ्या त्या सारख्या डुलायच्या, कडेवर कोणी नसलं तरी.

अर्जाला पाळणाघराचा फोटो लागतो. त्यांच्या फोटोत सारवलेली जमीन आणि घडी घातलेल्या गोधड्या होत्या, पोर एकही नव्हतं.

“साहेब लोके देखतीन ना भाऊ, म्हनीसन पोरे बाहेर काढात.”

मी चिडलोच. पोरांशिवाय कसलं पाळणाघर? दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा फोटो आणला. अर्जात पोरं तेरा, फोटोत बारा.

“अक्का, एक कुठं गेलं? आणि तुम्ही?”

“एक रडी ऱ्हायनं व्हतं. त्याले लीसन मी बाहेर हुबी व्हतू.”

तिसरा फोटो मी स्वतः जाऊन काढला. बारा पोरं स्वच्छ आली. तेरावं अक्कांच्या कडेवर होतं, आणि ती दोघं तेवढी पुसट आली. मी तोच पाठवला.