शेवंताबाईची हजेरी

फावड्याचा दांडा बाभळीचा होता, तो मोडला नाही. भिकनचा जबडा मोडला. भर दुपारी पारावर चौघांनी त्याला धरलं. दोन बरगड्या गेल्या, उजवा हात कोपरात फिरला, आणि शेवटचा फटका तोंडावर बसला तेव्हा तीन दात चौथऱ्यावर पडले. एका कोंबडीनं दाताला चोच मारून पाहिली. बघणारे बघत राहिले. गावाचं नाव लिहीत नाही. नरडाण्याहून पायी जाण्यासारखं आहे, आणि माझी बहीण तिथं दिलेली आहे.

ज्यांच्या पाकिटामुळे हा मार पडला ते जीवराम आबा तेव्हा धुळ्याला बसून पुढचं पाकीट डकवत होते.

आबा निवृत्त हेडमास्तर. रोजगार हमीच्या कामावरून ग्रामपंचायतीविरुद्ध कुणाचं गाऱ्हाणं असलं तर ते ऐकायला जिल्ह्याला एक लोकपाल असतो. दोन वर्षांपूर्वी ते काम आबांकडे आलं. एक खोली, एक टेबल, शिपाई नाही. कागद मागवायचे, दोन्हीकडचं ऐकायचं, जागेवर जायचं आणि आदेश लिहायचा. शाळेत दोन पोरं भांडली की आबा त्यांना समोरासमोर उभं करत. तीच रीत त्यांनी इथं आणली. ज्याच्यावर आरोप त्याला आरोप पुरता वाचायला मिळालाच पाहिजे, म्हणून नोटिशीला तक्रारीची प्रत जोडायची, नावासकट, सहीसकट.

भिकनची तक्रार चार ओळींची होती. त्याची आई शेवंताबाई फाल्गुनात वारली. वैशाखात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मातीबांधाच्या मजुरांची यादी लागली, तिच्यात शेवंताबाई अजून हजर. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतच करते, आणि ती केलेलीच नव्हती. कागदावर म्हातारी जिवंत होती आणि टोपल्या वाहत होती. ‘मन्ही माय मरी गयी शे, तिले कामवरथून काढा,’ एवढंच भिकननं मागितलं होतं. मजुरीचा शब्दही नाही.

गावात सरपंच बायको, कारभार नवऱ्याचा. नवरा चुडामण. त्याचा पुतण्या स्वप्नील रोजगार सेवक, म्हणजे मजुरांची हजेरी घेणारा. त्यानं ती प्रत पारावर मोठ्यानं वाचली.

“काय रे भिकन्या, मायले कामवरथून काढाले सांगस?” चुडामण म्हणाला. “मंग तिन्ही जागावर तू जाय ना!”

सगळे हसले. मग दांडा आला.

आबा दवाखान्यात गेले तेव्हा भिकनचा जबडा तारेनं बांधलेला होता. नळीनं पाणी पीत होता. त्याची बायको कोकिळा उठलीही नाही.

“आबा, नाव तुम्हीच धाडं ना? दांडा त्यास्ना व्हता, पत्ता तुम्हना.”

आबा खाटेकडे वळले. त्यांनी विचारलं, “भिकन, तक्रार मांगे लेवानी शे का?”

भिकननं डाव्या हातानं खाटेच्या लोखंडावर तीनदा ठोकलं आणि मान हलवली. नाही.

हजेरीचा फोटो आता मोबाईलवरून जातो, तारीख-वेळेसकट. शेवंताबाईला मेल्यावरही हजर दाखवलं त्या पहिल्या दिवसाचा फोटो आबांनी मागवून घेतला. बारा माणसं मांडी घालून ओळीनं बसलेली. हातात ना टोपलं ना कुदळ. खांद्यावर नवे टॉवेल, आणि पुढची पाच डोकी कोरी भादरलेली. बाहेरच्या साहेबाला त्यात काही दिसलं नसतं. आबा खानदेशातले. ही गंधमुक्ती होती. मेलेल्याचे दिवस झाले की भावकी नदीवर डोकी भादरते, सोयरे टॉवेल घालतात. बांधाची जागा नदीला लागून. स्वप्नीलला आयती बारा माणसं एका जागी बसलेली सापडली, त्यानं तिथंच हजेरी उरकली. पण गंधमुक्ती कुणाची, हे भिकनशिवाय गावातलं दुसरं कुणीतरी सांगायला हवं होतं. त्याशिवाय नोंद हलत नव्हती.

सुनावणी त्याच पारावर ठेवली. साठेक माणसं जमली. चुडामणनं खुर्ची पुढं केली.

“बसा आबा, च्या ल्या.”

आबा उभेच राहिले. फोटो वर धरला. “हाई कोन्ही गंधमुक्ती शे?”

फोटोतली डोकी समोरच होती, बोटभर केस वाढलेली, खाली घातलेली.

“त्या मजूर शेतस,” चुडामण म्हणाला. “उन्हाया शे. डोका भादरी टाकात.”

“आनि टॉवेल? त्या बी उन्हायाना?”

या वेळी हसू फुटलं ते चुडामणवर. आणि मागून दगड आला. चष्मा फुटून काच भुवईत घुसली. दुसऱ्या दगडानं कान फाटला, तिसरा खांद्यावर बसला. आबा खाली बसले. सदरा लाल झाला.

“सुनावणी चालू शे,” ते म्हणाले.

समोर पंडित न्हाव्याची टपरी. न्हाव्याला रक्ताचं काय कौतुक! तो तुरटीचा खडा घेऊन आला, भुवईतली काच नखानं काढली आणि खडा दाबला. आबा ओरडले. मांडीवरच्या फोटोवर रक्त सांडलं होतं. पंडितनं ते अंगठ्यानं पुसलं आणि वाकून पाहत राहिला.

“ह्या डोका मन्हा भादरेल शेतस.”

“पंडित, गप बैस!” चुडामण ओरडला.

“मन्हा वस्तराना घाव मी वळखाव नही का भो? हाई देखा, भिकनना कानना मांगे कापायेल शे. मायकरता रडी राहिंता, मुंडकं हाली गयं. शेवंताबाईनी गंधमुक्ती शे. लिखा आबा.”

आबांनी लिहिलं. पंडितनं खाली सही केली.

दिवस मावळायच्या आत त्याच्या टपरीचा आरसा फुटला, खुर्ची नदीत गेली, आणि त्याच चौघांनी त्याचा उजवा तळवा दगडावर दाबून त्याच्याच वस्तऱ्यानं आडवा चिरला. दोन बोटं आता मिटत नाहीत. चुडामणसकट चौघं पंधरा दिवस आत राहून जामिनावर सुटले. अजून त्याच पारावर बसतात. स्वप्नीलचं काम गेलं.

आबांना डाव्या डोळ्यानं अर्धंच दिसतं. आता ते प्रत पाठवण्याआधी तक्रारदाराच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवतात. ती वाकडी बसते, मग उपटून पुन्हा लावतात.

शेवंताबाईचा आदेश त्यांनी पाकिटात घातला नाही. स्वतः घेऊन गेले. हजेरीतून नाव कमी, मृत्यूची नोंद खऱ्या तारखेनं. भिकन तेव्हा पंडितपुढे लिंबाखाली पाटावर बसला होता, तोंडाला फेस लावून. त्यानं कागद वाचला, परत वाचला.

“आते मरनी माय,” तो वाकड्या जबड्यातून म्हणाला.

“मंग परत डोकं भादरू का?” पंडितनं विचारलं, आणि वस्तरा डाव्या हातात घेतला.