पंचावन्न किलोचा गट

माझं वजन आमच्या गावच्या भातगिरणीत व्हायचं, तांदळाच्या पोत्यांच्या काट्यावर. आई दर आठवड्याला मला तिथं उभं करायची आणि गिरणीवाला आकडा असा ओरडून सांगायचा की पोलादपूरच्या स्टँडवर ऐकू जावा. महाडच्या डॉक्टरांनी फिटची नवी गोळी सुरू केली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा आणि सत्तर किलोचा होतो. "भूक कमी होईल, वजन उतरेल, बोटांना मुंग्या येतील, बोलताना कधी शब्द सापडणार नाही. पण गोळी चुकवायची नाही," त्यांनी बजावलं होतं.

झालंही तसंच. सुकट भाजल्याचा वास आला तरी पोट ढिम्म. थंड्याची बाटली भांडी विसळलेल्या पाण्यासारखी लागायची. आईनं मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या, शेजारच्या काकूंनी क्षयाचं निदान केलं. पण सात महिने फिट आली नाही आणि काटा चोपन्नावर आला, हे बरोबर हेरलं ते माझ्या चुलतभावानं, दादानं.

आमच्याकडे कबड्डीच्या स्पर्धा वजनी गटातल्या. दादा पंचावन्न किलोच्या संघाचा कप्तान, चढाईत तालुक्यात नावाजलेला. मी लहानपणापासून त्याच्या संघाच्या चपला राखायचो. फिटवाल्याला मैदानात कोण घेणार? एका संध्याकाळी दादा ओटीवर येऊन बसला.

"आता तुला फिट पण नाय, चरबी पण नाय. डाव्या कोपऱ्यात उभा रहा," तो म्हणाला. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. मग त्यानं आवाज उतरवला. "पण माझंच तीन किलो जास्त हाय रे. तुझी ती गोळी दे ना."

बाकीचे गडी वजनासाठी उपाशी राहायचे, स्वेटर घालून पळायचे. दादाला उपास झेपत नसे. मी नाही म्हणायला हवं होतं. पण आयुष्यभर चपला राखलेल्या माणसाला डावा कोपरा मिळत होता. पुढचे दहा दिवस माझी संध्याकाळची गोळी दादाच्या पोटात गेली आणि आईला मी रिकामी पट्टी दाखवत राहिलो.

स्पर्धा दासगावच्या बाजूला होती. तिथंही काटा गिरणीतलाच. दादा चड्डीवर उभा राहिला, सगळा श्वास बाहेर सोडला आणि पंचावन्नात बसला.

पहिली चढाई त्याचीच. मांडीवर थाप मारून दादा घुसला. "कबड्डी, कबड्डी, कब..." आणि थांबला. समोरच्या सात जणांच्या मधोमध तोंड उघडं टाकून उभा. ते बिचारे मागे सरले, त्यांना वाटलं हा काहीतरी नवा डाव आहे. पंचांनी शिट्टी मारली आणि दम तुटला म्हणून त्याला बाद दिलं. परत येताना दादानं मला हळूच विचारलं, "काय म्हणायचं असतं रे?"

मी पोट धरधरून हसलो. हसता हसता डोळ्यांपुढं काळोख आला आणि पुढचं मला ठाऊक नाही.

शुद्ध आली तेव्हा नाकाला कुणाची तरी चप्पल होती, मुठीत किल्ल्यांचा जुडगा आणि डोकं दादाच्या मांडीवर. दोन्ही संघ भोवती उभे होते. मला फक्त एकच दुःख झालं, की आता परत चपलांकडे. दादा सगळ्यांदेखत रडत होता. "माझ्यामुळं झालं. याच्या गोळ्या मी खाल्ल्या," हे मात्र तो एकदाही न अडखळता बोलला.

आईनं त्याला जे ऐकवलं ते लिहिण्याजोगं नाही. दुसऱ्या दिवसापासून दादा रोज दिवेलागणीला आमच्या ओटीवर हजर. "गीळ. आ कर. जीभ वर कर." मग स्वतः एकदा "कबड्डी" म्हणून बघायचा आणि शब्द आला की समाधानानं घरी जायचा.

वर्षभर फिट आली नाही. डॉक्टरांना विचारून दादानं मला गावच्या मैदानात उतरवलं, डाव्या कोपऱ्यात. पहिल्याच पकडीत समोरच्या गड्यानं मला रेषेपर्यंत फरफटत नेलं आणि मी बाद झालो, चारचौघांसारखा. इतका आनंद मला पुढं लग्नातही झाला नाही. गुडघे झाडत बाहेर आलो तर संघाच्या चपलांचा ढीग राखत दादा बसला होता, पासष्ट किलोचा.