अंगठ्यावरची पेटी

हुमनाबादच्या बसस्टँडवर एक पोरगी पेटी वाजवत बसली होती. डावा हात कोपरापर्यंतच होता. भात्याची दोरी तिनं पायाच्या अंगठ्यात अडकवली होती आणि उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर नुसती पळत होती.

"हैदराबादच्या आर्केस्ट्रावाल्यांनी बोलवलंय. आवडलं तर काम पक्कं!" मला सांगताना तिला आनंदानं एका जागी बसवत नव्हतं.

मला राहवेना. मदत म्हणून मी भाता धरला. ती थांबली.

"कामून धरायलात, अण्णा? माझ्या पायाची लय बिघडायलीय."

मी ओशाळलो. तेवढ्यात गाडी आली. ती पेटी आवरू लागली तसे मी माझे हात चटकन खिशात घातले.

"आता धरा की!" ती खळखळून हसली. "वजन कुणीबी उचलंल. वाजवायचं तेवढं माझं."