तीन गाठींची सुतळी

माझं स्वतःबद्दल पहिल्यापासून बरं मत आहे. नगरच्या फिजिओथेरपी कॉलेजात शिकवायला लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती. नव्या संशोधकांसाठी पायलट ग्रँटची जाहिरात आली आणि मी कुणाला न विचारता अर्ज भरून टाकला. पायलट ग्रँट म्हणजे मोठ्या संशोधनाआधी पाणी किती खोल आहे ते बघायला दिलेला छोटा निधी. वर्षभरात प्रयोग करून अहवाल द्यायचा. तो पटला तर मोठं अनुदान, नाही तर विषय तिथंच संपला. "पहिल्या खेपेला कुणाला मिळत नाही," असं आमच्या विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या होत्या. मला मिळालं.

विषय होता ऊसतोड करणाऱ्या बायकांची कंबर. माझे वडील शेवगावकडे शिक्षक. दिवाळी झाली की त्यांचा अर्धा वर्ग आईबापांमागे उसाच्या फडावर जायचा. उन्हाळ्यात परत येणाऱ्या त्या आया मला आठवतात त्या कंबरेवर हात ठेवलेल्याच. मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकात चढायचं, दिवसातून कितीतरी वेळा. दुखलं की गोळी खायची आणि पुन्हा चढायचं. हे थांबवता येतं, अशी माझी खात्री होती.

नेवाशाजवळ पाथर्डीकडची एक टोळी उतरली होती. तिच्यातल्या बारा बायकांना मी पाच व्यायाम शिकवले, ते दिवसातून तीनदा करायचे. केला की तक्त्यातल्या चौकोनात खूण करायची. टोळी आणणाऱ्या मुकादमाची बहीण चौथी शिकलेली. तिला मी मावशी म्हणायचे. सगळ्यांचे तक्ते तिनं सांभाळायचे असं ठरलं.

तीन आठवड्यांनी बघते तर एकही चौकोन रिकामा नाही. "डॉक्टर असलेले पेशंटसुद्धा इतके नेमाने व्यायाम करत नाहीत," मॅडम म्हणाल्या. मी कॉलेजभर मिरवले. मोठं अनुदान खिशात पडल्यासारखंच वाटत होतं.

पुढच्या गुरुवारी फडावर गेले, तक्ते हातात घेतले आणि थबकले. येत्या शुक्रवार, शनिवार, रविवार यांच्याही खुणा झालेल्या होत्या.

मावशी मोळी बांधत होत्या. मी विचारलं, तर मान वर न करता म्हणाल्या, "वरून तुमाला बोलत्याल म्हून समद्यांच्या खुना मीच करती. आठवड्याच्या एकदम."

"आणि व्यायाम?"

"एक करतो की. गाडी भरली की उभ्यानं पाठ मागं वाकवायची, त्यो. लई बरं वाटतं. बाकीचे चार उतानं पडून करायचे. भर फडात, गडीमानसांपुढं आमी उतानं पडू व्हय?"

मला राग आला. आधी त्यांचा आला, मग एसटीत बसल्यावर माझा. ते चार व्यायाम मी कॉलेजात पंख्याखाली, निळ्या मॅटवर, ट्रॅकपँट घातलेल्या मुलींवर बसवले होते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. परक्या मुलखातली असते तर एक वेळ चाललं असतं. मी तर शेवगावची.

खोटं कशाला बोलू, मोहही झाला. फडावर तपासायला कोण येणार होतं? तक्ते सुरेख होते, अनुदान नक्की मिळालं असतं. पण मग तेच चार व्यायाम छापून दहा टोळ्यांना वाटले गेले असते आणि सगळ्यांनी मला बोलणी बसू नयेत म्हणून खुणा केल्या असत्या. कंबरा तशाच दुखत राहिल्या असत्या. नगरचं स्टँड येईपर्यंत माझं ठरलं होतं.

पुढच्या खेपेला मी त्या चार व्यायामांवर काट मारली आणि मावशींना सांगितलं, खूण फक्त खरी हवी, नसली तरी चालेल. त्यांनी तक्ताच परत दिला. "ह्यो नको. एकेक सुतळी द्या समद्यांना. गाडी भरून पाठ वाकवली, तर एक गाठ. आपली आपन मारायची."

आठवड्यानं त्यांनी कनवटीतून आपली सुतळी काढली. तीन गाठी होत्या.

"तीनच झाल्या. बोलत्याल का तुमाला?"

"बोलू द्या," मी म्हटलं. त्या तीन गाठींनी झाला तेवढा आनंद मला भरलेल्या तक्त्यांनीही झाला नव्हता.

अहवालात मी सगळं लिहिलं. मोठ्या अनुदानाच्या मुलाखतीत एक ज्येष्ठ परीक्षक म्हणाले, "म्हणजे पहिल्या महिन्याचे तुमचे आकडे फुकट."

"हो सर, आणि चार व्यायामही. मोठा निधी खर्चून कळण्यापेक्षा आत्ता कळलं." मावशींकडून मागून घेतलेली सुतळी मी टेबलावर ठेवली. त्यांनी ती बोटांवरून फिरवून पाहिली आणि शेजारच्यांकडे दिली.

निकाल आला तेव्हा टोळी गावी परतली होती. मी मावशींना फोन लावला.

"काय झालं? बोलले का वरून?"

"बोलले. म्हणाले, पुढच्या हंगामात पुन्हा फडावर जा. मोठं अनुदान मिळालं, मावशी."

त्या म्हणाल्या, "या मग. पर येताना नवीन काय आनलं, तर आदी मला इचारा."