न वाजणारी खिरापत

शेवटचा ट्रक पाराजवळ उभा होता आणि बाबा सगळ्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, "मांगं पाहू नका वं. मान दुखते." धरणाचं पाणी खालच्या आळीत शिरलं होतं. आमची आळी वरची, म्हणून आमचा नंबर शेवटी. मी तेव्हा शाळेत जात होते, आणि मान दुखली तर दुखली म्हणून मी मागे पाहिलंच. आमच्या घराचं दार बाबांनी आधीच उचकटून ट्रकमध्ये टाकलं होतं. त्यामुळे मला दिसलं ते दार नसलेलं घर, आणि आत भिंतीशी ज्वारीच्या धांड्यांचा मखर. त्यात आम्ही पोरींनी गाण्यांसाठी बसवलेली मातीची भुलाबाई तशीच. घाईत तिला नदीवर न्यायचं राहून गेलं होतं. मी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "राहू दे. पानीच येनार हाय तिच्याकडं."

त्या आळीतल्या तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. कोणी पुनर्वसनाच्या वस्तीत राहिलात, कोणी पुण्याला गेलात, कोणी कुठे आहात तेही मला ठाऊक नाही. पण आदल्या संध्याकाळची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. भुलाबाईची गाणी म्हणून झाली आणि खिरापत ओळखायची वेळ आली. ज्या घरी गाणी, त्या घरची बाई प्रसादाचा डबा बंद करून कानाशी हलवायची आणि आपण आवाजावरून आत काय आहे ते सांगायचं. फुटाणे, खारका, मुरमुरे, सगळ्यांचे आवाज आपल्याला पाठ. त्या दिवशी माझ्या आईनं तिचा पितळी डबा हलवला तर आतून काहीच आवाज नाही. आपण पन्नास नावं घेतली असतील. आई हसत म्हणाली, "हरलो म्हना, मंग सांगतो." आपण हट्टी. कोणी म्हटलं नाही. "रायलं मंग," आई म्हणाली, "नव्या घरी गेल्यावर उघडू."

नव्या घरी तो डबा पोचलाच नाही. त्या सकाळी मोडीचा व्यापारीही आला होता. जड पितळ कुठे वाहून न्यायचं म्हणून बायका गंज, गुंड, पराती अशी मोठाली भांडी त्याच्या गाडीत टाकत होत्या. त्या गडबडीत आमचा डबाही गेला. आईला ते नागपूरला आल्यावर कळलं. तिनं सामान दोनदा उलटंपालटं केलं आणि मग त्याचं नावच टाकलं. आत काय होतं ते मी विचारलं की म्हणायची, "तू हरली का? नाई ना? मंग."

नागपुरात महाल भागातल्या एका खोलीत आमचा संसार मावला. आमचं दार लकडगंजातल्या लाकडाच्या एका टालावर विकलं गेलं आणि बाबांना त्याच टालावर काम मिळालं. पोरांचा तान्हा पोळा आला की ते ढलप्यांतून लाकडी बैल करून आणायचे, आजूबाजूच्या पोरांसाठीसुद्धा. एका बैलाचे दोन पाय कायम आखूड, तो कायम नमस्कार घातल्यासारखा. आई जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या फाडून, वेणी घालून पायपुसणी करायची. गावात तिला बायका लांबून विचारायला यायच्या. इथे शेजारीण म्हणायची, "दुकानात मिळतं की." तरी आई करत राहिली.

आता बाबा नाहीत. मी लग्न केलं नाही, ते तसंच छान चाललं आहे. रामदासपेठेत एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते, आई आणि मी दुसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहतो. खाली गेटवर माणूस आला की मोबाइलवर आधी परवानगी मागतो. गावात माणूस थेट चुलीपर्यंत यायचा आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगायचा.

माझे शौक साधे आहेत. ऋतू बदलला की हात शिवशिवतात. पोळ्याला बाबांचा तो आखूड पायांचा बैल रंगवते, दिवाळीला कामट्या तासून कंदील करते, थंडीत लोकर घेऊन बसते आणि दर वर्षी तोच एक स्वेटर अर्धा विणते. आणि रविवारी सकाळी जुन्या सामानाचा बाजार. रस्त्याच्या कडेला ताडपत्र्या टाकलेल्या, त्यावर कंदील, रेडिओ, अडकित्ते, बरण्या. पोरं आता त्याला व्हिंटेज म्हणतात आणि घासाघीस न करता घेतात, म्हणून तिथले भांडीवाले बशीरभाई त्यांच्यावर खूश आणि माझ्यावर नाराज. घरी येऊन चिंच आणि मीठ लावून काळं पडलेलं पितळ घासायचं, हळूहळू खालून पिवळा रंग वर येतो, त्याच्याइतकं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही.

पण हे सगळं सांगायचं कारण आई. गेल्या वर्षापासून ती विसरायला लागली. दिवसा बरी असते. दिवेलागण झाली की कपड्यांचं बोचकं बांधते आणि दाराशी उभी राहते. "मले घरी जाचं हाय. दिवा लावला नसंल कोनी." हेच घर आहे म्हटलं की माझ्याकडे अशी पाहते, की मीच काहीतरी लपवते आहे. उन्हाळ्यात एकदा मदतीची बाई भाजी घ्यायला खाली गेली तेवढ्यात आई निघून गेली. वर्धा रोडवर ट्रकांच्या मधून चालत होती. एका ऑटोवाल्यानं आणून सोडली. तेव्हापासून मला एकच धास्ती, की एक दिवस ती जाईल आणि सापडणार नाही. संध्याकाळच्या आत घर गाठायचं म्हणून मी दवाखान्यातून अक्षरशः पळत सुटते.

पावसाळ्यात मी बाजारातून एक गंज आणला. आईला धड दिसत नाही, तिनं काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "सुमनचा गंज हाय हा. कोठी भेटला तुले?" मी हसले. सुमनबाई खालच्या आळीतल्या, त्यांना वारून किती वर्षं झाली. गंज उलटा केला तर बुडाला नाव कोरलेलं, सौ. सुमन. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा आई दाराशी नव्हती. खुर्चीत बसून होती, अगदी शांत. "सुमन येऊन गेली," म्हणाली. "गंज मागून राहिली होती. म्या म्हटलं, पोरगी आली की इचारतो."

सुमन नावाच्या बायका विदर्भात ढिगानं आहेत, असं मी स्वतःला सांगितलं. आणि आई बोचकं न बांधता बसली, याचा मला आनंद झाला, हेही खरं. म्हणून पुढच्या रविवारी एक तांब्याचा गुंड आणला. इतका काळा, की त्यावर नाव आहे की नाही तेही कळू नये. आईनं पोटाशी धरला. "पार्वतीकाकूचा." पार्वतीकाकूही गावातल्याच, त्याही केव्हाच वारलेल्या. मी बाल्कनीत बसून चिंच लावली. घासता घासता काळं निघालं आणि त्याखालून आधी 'पा' वर आला, मग बाकीचं. माझे हात थांबले. नळ चालूच होता.

पार्वतीकाकू दुसऱ्याच दिवशी आल्या, असं आई म्हणाली. "ओल्या पायानंच आली. म्या म्हटलं, पाय तरी पुस वं." मी दाराबाहेर जाऊन पाहिलं. पायपुसणं भिजलेलं होतं. जिना पुसणारी बाई पाणी सांडते, ते मला माहीत आहे. मी ते पिळून वाळत टाकलं. हाताला बारीक गाळ लागला, आणि त्याचा वास नळाच्या पाण्याचा नव्हता. तो वास मला ठाऊक होता, आमच्या नदीचा, पण मी हात धुतले आणि कुकर लावला.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. तरी मला भीती वाटली. भांडं आलं की त्याची मालकीण येते, आणि मालकिणी सगळ्या गेलेल्या. मी रविवारचा बाजार बंद केला. आई पुन्हा बोचकं बांधून दाराशी उभी राहायला लागली. ती भीती बरी की ही, मला ठरवता येईना.

कोजागिरीच्या आधी बशीरभाईंचा फोन आला. "ताई, नाराज हो क्या? एक डब्बा आया है. ढक्कन नहीं खुलता, ठोक के देखा. पर पीतल भारी है." पाय आपोआप वळले. डबा हातात घेतल्याबरोबर मला कळलं. कडीजवळचा पोचा तोच. तरी मी बूड पाहिलं. तिथे लिहिलं होतं, 'इंदूस, आईकडून.' आजीनं आईला लग्नात दिलेला. इंदू म्हणजे माझी आई.

मी डबा घेतला, पण वर नेला नाही. स्कूटीच्या डिक्कीत ठेवला. सुमनच्या गंजासाठी सुमन आली, पार्वतीच्या गुंडासाठी पार्वती. इंदूच्या डब्यासाठी कोण येणार आणि कोणाला घेऊन जाणार? सिग्नलला थांबले की डिक्कीकडे लक्ष जायचं. खड्ड्यात गाडी उडाली तरी आतून आवाज येत नव्हता.

कोजागिरीच्या दिवशी मी सुट्टी घेतली. बिल्डिंगमधल्या दोन-तीन मुली हौसेनं आल्या होत्या. त्यांना भुलाबाई ठाऊक नव्हती, पण मोबाइलवर फोटो टाकायला काहीतरी हवं होतं. आम्ही मातीची भुलाबाई केली, खोक्याचा मखर केला, कारण ज्वारीची धांडी आणायची कुठून. मी स्टीलच्या एका डब्यात फुटाणे घालून हलवले आणि पोरींनी ओळखलेसुद्धा. मजा आली. मी खूप दिवसांनी मोठ्यानं हसले. पोरी गेल्या. उजेड कमी झाला, आई उठली आणि मला वाटलं आता बोचकं आणेल. ती म्हणाली, "माहा डबा काहून नाई आनला वर?"

मी तिला डब्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. खाली जाताना लिफ्टची वाट पाहणंही मला झालं नाही, जिन्यानं गेले आणि आले. आईनं डबा मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी कानाशी नेला आणि हलवला. काही वाजलं नाही. तिचा चेहरा उजळला. "सांग काय हाय."

मी सगळी नावं घेतली. लहानपणी घेतली होती ती, आणि आता सुचली ती. आई मान हलवत राहिली. "हरलो म्हन." मला म्हणवेना. वाटलं, हे न ओळखलेलं आहे तोवरच ती इथे आहे. मी हरले की खेळ संपेल. ती वाट पाहत होती, हसत, आणि त्या हसण्यात तिला मी कोण ते पक्कं माहीत होतं. कितीतरी महिन्यांनी. मी म्हटलं, "हरले, आई."

तिनं डबा उंबऱ्यावर एकदा टेकवला आणि झाकण काढलं. बशीरभाईंनी ठोकून न उघडलेलं झाकण. आत बुडाला एक काळा गोल थर चिकटलेला होता. "गूळ," आई म्हणाली. "तापवून बुडाले लावला होता. वाजंन कसा?" आणि लहान पोरीसारखी टाळी दिली. इतकी वर्षं आम्ही कसली कसली नावं घेतली, आणि साधा गूळ. मी बोटानं खरवडून जिभेवर ठेवला. कडू होता, आणि शेवटी किंचित गोड.

दुसऱ्या दिवशी मी उशिरा पोचले. रस्ता खोदलेला होता. जिना धावतच चढले. दाराबाहेरचं पायपुसणं भिजून चिंब झालं होतं. मदतीची बाई वेळ झाली म्हणून गेली होती, पण तिनं बाहेरून लावलेलं कुलूप तसंच होतं. मी किल्लीनं उघडलं. खोलीत दिवा लागलेला होता, आणि आई डबा मांडीवर घेऊन बसली होती.

"इंदू आली होती," ती म्हणाली.

"कोण इंदू?"

"असं काय करतं वं. आपल्या वरच्या आळीची इंदू. डबा मागून राहिली होती. म्हने, चाल घरी."

"मग?"

"म्या म्हटलं, डबा देत नाई. आन् मी काई येत नाई. माही पोरगी इथं हाय. दिवा लावाले कोनी पाह्यजे ना घरी."

त्या दिवसापासून आई दाराशी उभी राहत नाही. दिवेलागणीला स्वतः उठते, भिंत चाचपत बटण दाबते आणि म्हणते, "लागला." मला सुटल्यासारखं झालं. इतका आनंद झाला की मी मोरीत जाऊन रडले. ती राहिली. या फ्लॅटला ती घर म्हणाली, पहिल्यांदा.

पण रडून झाल्यावर एक गोष्ट मनात आली आणि ती अजून जात नाही. ती दुसरी इंदू, जिला आईनं दारातून परत पाठवलं, ती गेली कुठे? तिच्या घराला दार नाही, आणि वर पाणी आहे. तिथे मखरात बसलेल्या भुलाबाईशिवाय तिच्या ओळखीचं कोणी उरलेलं नाही. आणि मला ठाऊक आहे, मीही त्या घराकडे मागे पाहिलं होतं, बाबांनी नको म्हटलेलं असताना. म्हणजे मागे पाहणारी ती शाळकरी पोरही तिच्यासारखीच तिथे राहिली असणार.

या थंडीत मी स्वेटरला हात लावला नाही. आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या, तिच्याकडून वेणी घालायला पुन्हा शिकले, आणि एक मोठं, जाड पायपुसणं केलं. ते दाराबाहेर टाकलं आहे. रोज संध्याकाळी मी ते हातानं चाचपून पाहते. कोरडं असलं तर बरं वाटतं. ओलं असलं तर पिळून, वाळवून, पुन्हा तिथेच टाकते, दोघींना पाय पुसता येतील असं, पसरून.