कॅलेंडरवरची रेश्मा

जाहिरातींचे किस्से निघाले की मिरजोळ्याच्या आमच्या कारखान्यात डब्याची सुट्टी पुरायची नाही. एक संपला की दुसरा हजर! आम्ही आंब्याचं सरबत बाटल्यांत भरणारे, म्हणजे लोकांना भुलवणाऱ्यांतलेच. आणि भुलायलाही सगळ्यांत पुढे आम्हीच! हे कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

*

आमच्यात पहिला टीव्ही घेतला फोरमन चव्हाणांनी. त्यावर चुटकीसरशी होणाऱ्या शेवया बघून त्यांनी पाकीट आणलं. चव्हाण चुटक्या वाजवतायत, वहिनी ढवळतायत, शेवया कडकच!

मी विचारलं, "म्हणजे जाहिरात खोटी?"

"छे हो! टीवीवर खोटं कसं सांगतील? आपलं पानीच जड हाय!"

पाण्याला नावं ठेवत त्यांनी आणखी पाकिटं आणली.

*

मे महिन्यात चव्हाणांचा मेव्हणा मुंबईहून आला. खाटेखाली गवतात हापूस पिकत घातलेला, घरभर घमघमाट. चव्हाणांनी त्याच्यापुढे ठेवलं आमच्या बाटलीतलं सरबत.

"दाजी, आंबा नाय?"

"आंबा काय, झाडाला लागतो! ह्ये इकत आनलंय!"

मेव्हण्याला ते पटलं. जाताना तो वहिनींनी भरून दिलेली हापूसची करंडी विसरला, बाटल्या मात्र आठवणीनं घेऊन गेला.

*

मग आमच्या मालकांनीच जाहिरात काढायचं ठरवलं. मुंबईहून फोटोग्राफर आला. त्याला गुटगुटीत मूल हवं होतं. आंबे निवडायला येणाऱ्या सुमनताईची चार वर्षांची रेश्मा नाचणीची आंबील आणि तारली मासळीचं कालवण खाऊन चांगली गुबगुबीत झालेली. तिलाच उभं केलं.

सरबत फोटोत फिकं दिसेल म्हणून त्यानं ग्लासात कापडाचा रंग कालवला. "पोरीला पिऊ देऊ नका हं!" असं सुमनताईला दोनदा बजावलं. रेश्मा हसली, कारण कॅमेऱ्यामागे चव्हाण नाचत होते.

*

त्या फोटोचं कॅलेंडर निघालं. 'रोज एक ग्लास, बाळ दिसेल खास!' कामगारांना बाटल्या सवलतीत मिळायच्या. सुमनताई रेश्माला सकाळ-संध्याकाळ सरबत द्यायला लागली.

मी म्हटलं, "अगं, ही तर आंबिलीवर वाढली! फोटो काढताना तू तिथंच होतीस ना?"

"व्हते की, भाऊ. पन कायतरी असल्याबिगर येवढं छापतील काय?"

मी घरी येऊन आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसलो. पोर खरंच छान दिसत होती. मला स्वतःचीच शंका यायला लागली.

*

शिमगा येईपर्यंत रेश्मा जेवेनाशी झाली. दात किडले, हातपाय काड्या झाले. सुमनताई घाबरली. मी दोघींना डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

"काय खाते?"

"सरबत पिते. दुसरं काय घेतच नाय."

"आजपासून बंद! पोर हातची जाईल!"

सुमनताई रडायलाच लागली. "परत पयल्यासारखी व्हईल ना, डॉक्टर?"

डॉक्टर जरा नरमले. "होईल हो. आंबील द्या, मासे-भात द्या." मग त्यांनी मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. "थोड्या दिवसांत बघा, अगदी या पोरीसारखी दिसायला लागेल!"

रेश्मानं मान वर केली. "आये, ती मीच ना गो?"

सुमनताईनं एकदा कॅलेंडरकडे बघितलं, एकदा मांडीवरच्या रेश्माकडे.

"थांब गो," ती म्हणाली, "डॉक्टरांना इचारते."